किती तिरकं चालतं?

गेले चार शनिवार-रविवार आमच्या डायनिंग टेबलावर जेवण झालेलं नाही. एका टोकाला सोल्डरिंग आयर्न, मधे ब्रेडबोर्ड, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. आई आणि बाबा सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवतायत आणि आई दर वेळी वाढताना एकच वाक्य ऐकवते, "इंजिनिअर झालास तेव्हा वाटलं होतं घरातला एक फ्यूज तरी बसवशील."

तिचंही खरंच आहे. डिग्री ईअँडटीसीची आणि पोट भरतं जावावर. ऑफिसात माझं काम म्हणजे मॉनिटरिंग. सर्व्हर किती गरम झाला, डिस्क किती भरली, ह्याचे आकडे गोळा करायचे, त्यांचे डॅशबोर्ड बनवायचे, आणि आकडा रेषेच्या वर गेला की रात्री दोन वाजता कुणाला तरी झोपेतून उठवायचं. हे काम मी सहा वर्षं करतोय. त्यामुळे घरात काही बिघडलं की माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो हाच: ह्याला एक सेन्सर लावू या.

ह्या वेळी बिघडलं होतं ते बाबांचं.

बाबा पाटबंधारे खात्यातून २०२१ साली निवृत्त झाले. सगळी नोकरी कालवे आणि धरणांच्या साइटवर, म्हणजे सगळी नोकरी जीपमध्ये. निवृत्तीनंतर लोक अष्टविनायक करतात, आमच्या बाबांनी एक जुनी महिंद्रा एमएम ५४० घेतली. प्यूजोचं डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, पॉवर स्टिअरिंग नाही, एसीचा प्रश्नच नाही. पानशेतच्या पुढे आमचा जमिनीचा एक छोटा तुकडा आहे. तिथे ते दर आठवड्याला जायचे. शेवटचा एक किलोमीटर रस्ता असा नाहीच. डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी बैलगाडीची वाट आहे, आणि तिच्यात साधारण पन्नास मीटरचा एक पट्टा असा आहे की वाट दरीच्या बाजूला सरळसरळ कलते. आमच्या घरात त्या पट्ट्याला 'तिरकी' म्हणतात. "तिरकी ओलांडली की फोन कर" हे आईचं ठरलेलं वाक्य.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी बाबा सकाळी उठायला गेले आणि परत गादीवर कोसळले. सगळी खोली फिरतेय म्हणाले. आमच्या पायाखालची जमीन सरकली. बीपी, ईसीजी, सगळं झालं, सगळं ठीक. शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झटकन आडवं करून, मान वळवून डोळ्यांत बघितलं आणि दोन मिनिटांत निदान केलं. "कानातले खडे सरकलेत."

हे प्रकरण मला इतकं आवडलं की (बाबांची माफी मागून) ते इथे सांगतोच. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तोल कळायचं यंत्र असतं. त्यात दोन वेगळे विभाग आहेत. एका विभागात चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बसवलेले असतात. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपली चुनखडी. डोकं कललं की हे कण वजनाने खाली ओढले जातात, पडद्याखालचे केस वाकतात, आणि मेंदूला कळतं की 'खाली' कुठे आहे. दुसऱ्या विभागात तीन अर्धगोल नळ्या आहेत, एकमेकींना साधारण काटकोनात, आत द्रव. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला कळतं की आपण फिरतोय. आता पहिल्या विभागातले दोन-चार खडे सुटून दुसऱ्या विभागातल्या नळीत जाऊन पडले, की माणूस नुसता कुशीवर वळला तरी ते खडे घरंगळतात, द्रव ढकलतात, आणि मेंदूला वाटतं की जग गरगर फिरतंय. उपायही तितकाच यांत्रिक. मान ठरावीक क्रमाने वळवून खडे नळीतून परत मूळ जागी घरंगळवायचे. गोट्यांच्या कोड्याचा खेळ असतो ना, अगदी तसाच.

दोन वेळा ते केलं आणि चक्कर थांबली. काही आठवडे गाडी बंद ठेवून डॉक्टरांनी चालवायला परवानगीही दिली. पण बाबा जीपला हात लावेनात. शहरात स्कूटर चालवायचे. शेताचा विषय निघाला की, "बघू पुढच्या आठवड्यात." एकदा आईला हळूच म्हणाले ते मी ऐकलं, "तिरकीवर जीप कललीय की माझं डोकं कललंय, हे मला कळलं नाही तर?"

झालं. माझ्यातला मॉनिटरिंगवाला जागा झाला.

कल मोजणं ही आज फार अवघड गोष्ट राहिलेली नाही. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, एमपीयू ६०५० नावाची चिप बसवलेला बोटाच्या पेराएवढा बोर्ड दोन-अडीचशे रुपयांच्या आत मिळतो. त्यात तीन अक्षांचा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि तीन अक्षांचा जायरोस्कोप. अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे कानातले खडे: सिलिकॉनचं सूक्ष्म वजन सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं, ते किती ओढलं गेलं ते मोजायचं. जायरो म्हणजे कानातल्या नळ्या: किती वेगाने फिरतोय ते मोजायचं. निसर्गाने आणि चिपवाल्यांनी एकाच कामासाठी अगदी तीच जोडी निवडली आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझा पार्ट बाजारात मिळतो तर!" बऱ्याच दिवसांनी हसले.

बाकी सामान: एक अर्डुइनो नॅनो, पाऊण-एक इंचाचा ओएलईडी डिस्प्ले, बझर, एक बटण, आणि जीपच्या बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट करणारं बक कन्व्हर्टर. (बारा नावालाच, इंजिन चालू असलं की चौदाच्या आसपास असतात. आणि फ्यूज विसरू नका, जुनी वायरिंग आहे.) हे सगळं बसवलं साबणाच्या डबीत. आधी सेन्सर सीटखाली आणि डिस्प्ले डॅशबोर्डवर, मधे दीड मीटर वायर, असा शाही थाट केला होता. पण चिप आणि डिस्प्ले ज्या आयटूसीवर बोलतात ते एका बोर्डावरच्या गप्पांसाठी बनलेलं आहे, इंजिनच्या गोंगाटातून दीड मीटर ओरडण्यासाठी नाही. दर दहा मिनिटांनी सगळं हँग व्हायचं. शेवटी सगळी मंडळी एकाच डबीत कोंबली आणि डबी डॅशबोर्डला घट्ट स्क्रू केली.

पहिला शनिवार खुशीत गेला. टेबलावर डबी कलली की आकडा कलतो. रविवारी जीपमध्ये लावली, इंजिन चालू केलं, आणि आकडे पिसाळल्यासारखे नाचायला लागले. जीप जागेवर उभी आणि कल एकदा उणे नऊ, एकदा अधिक अकरा.

कारण सरळ होतं. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर नुसतं गुरगुरत असलं तरी सेकंदाला २५ धक्के देतं. अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि इंजिनचा धक्का ह्यातला फरक कळत नाही. त्याला फक्त ओढ कळते. उलट जायरोला धक्क्यांचं फारसं सोयरसुतक नसतं, पण त्याला एक वेगळा आजार. तो फक्त 'किती फिरलो' सांगतो, ती बेरीज करत बसायचं, आणि प्रत्येक बेरजेत थोडी चूक. दहा मिनिटांनी सपाट उभी जीप वीस अंश कललीय असं छातीठोकपणे सांगतो. एक जण घाबरट, दुसरा हळूहळू भरकटणारा. उपाय म्हणजे दोघांचं मिळून ऐकायचं. दर सेकंदाला शंभर वेळा: नव्या कोनात ९८ टक्के मत जायरोच्या हिशोबाचं, २ टक्के अ‍ॅक्सेलरोमीटरचं. झटपट बदल जायरो पकडतो, आणि तो भरकटायला लागला की २ टक्केवाला त्याला कानाला धरून परत आणतो. ह्याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात, कोड मोजून दोन ओळींचा. शिवाय चिपमध्येच धक्के गाळायची एक सेटिंग आहे, ती ५ हर्ट्झवर आणली. आकडा शांत झाला.

आता प्रश्न शून्याचा. डबी डॅशबोर्डवर वाकडी बसली असेल तर? मी म्हटलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागी उभी करू आणि तिथे शून्य धरू. बाबा आत्तापर्यंत पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "पार्किंग सपाट आहे हे तुला कुणी सांगितलं?"

मग ते उठले. माळ्यावरून त्यांची पत्र्याची पेटी काढली. त्यात पाणसळ, टेप, आणि पितळी ओळंबा. पार्किंगमध्ये खडूने चार चाकांच्या खुणा केल्या. "घे रीडिंग." आला २.९. "आता गाडी उलटी फिरवून, तोंड तिकडे करून, चाकं ह्याच खुणांवर आण." आणली. रीडिंग उणे ०.५. "दोन्हींची बेरीज भागिले दोन." १.२. "ही तुझ्या डबीची चूक. उरलेले १.७ पार्किंगचे. बिल्डरला पाणी ड्रेनेजकडे न्यायचं असतं, तो कशाला सपाट करेल?"

गाडी उलटी केली की जमिनीचा उतार चिन्ह बदलतो, डबीची चूक बदलत नाही. इतकं साधं. लेव्हलिंगच्या कामात हे लोक आयुष्यभर उपकरणं अशी उलटून तपासत आले. मी ते सेन्सरच्या पीडीएफमध्ये शोधत होतो.

नंतर त्यांनी ओळंब्याने कोनही तपासून दिले. एका फळीला वरून दोरी आणि ओळंबा, फळी कलवत न्यायची. दोरी फळीवरच्या मधल्या रेषेला एक मीटर खाली आखलेल्या काटकोनी रेषेवर ३६.४ सेंटिमीटर सरकली की कल बरोबर २० अंश. डबी म्हणाली २०.३. बाबा म्हणाले, "ठीक आहे. मुकादम म्हणून चालेल."

मग आला खरा प्रश्न. बझर किती अंशांवर वाजवायचा?

थिअरी अशी की जीप पडते तेव्हा तिच्या गुरुत्वमध्यातून खाली जाणारी रेषा खालच्या बाजूच्या टायरच्या बाहेर पडते. आम्ही टेपने दोन चाकांमधलं अंतर मोजलं, १३० सेंटिमीटर. त्याचं अर्धं ६५. गुरुत्वमध्याची उंची मोजायला आमच्याकडे काटा नव्हता, ७० धरली. ६५ भागिले ७०, त्याचा कोन साधारण ४३ अंश. टपावर सामान टाकून उंची ८० केली तर ३९. मी म्हटलं, "मग ३५ ला वाजवू या. भरपूर मार्जिन आहे."

बाबांनी हिशोबाचा कागद माझ्याकडून घेतला आणि खाली लिहिलं: वरच्या चाकाखाली १५ सेंमी दगड, खालचं चाक १५ सेंमी खड्ड्यात. एकूण ३० सेंमी, १३० च्या रुंदीवर. स्प्रिंगने काहीच झेललं नाही असं धरलं तर एकदम १३ अंशांची भर. "तू २५ वर निवांत चाललायस, एक दगड आणि एक खड्डा आला, तू ३८ वर. तुझं ४३ हे प्रयोगशाळेतल्या टेबलावरचं. स्प्रिंग दबते, टायर दबतो, खालची माती सुटते. ३५ ला बझर वाजेल तेव्हा तो शोकसभेचा भोंगा असेल."

२५ ठरलं.

खरं सांगायचं तर इथपर्यंत बाबा गुंतलेत ह्याचाच मला आनंद होता. म्हणून एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती पुढे येईल.

जानेवारीतल्या एका रविवारी निघालो. मी चालवत होतो, बाबा शेजारी. गावातल्या शाळेच्या मैदानावर म्हटलं एकदा चाचणी घेऊ. ताशी १५ च्या वेगाने मोठा गोल काढला, त्रिज्या असेल आठ मीटर. मैदान तव्यासारखं सपाट आणि डबी सांगतेय १२ अंश, मग १३. मी ओशाळलो. "बग आहे. वळताना बाहेरची ओढ लागते ना, अ‍ॅक्सेलरोमीटरला तो कल वाटतो. फिल्टर अर्ध्याच सेकंदाचा आहे, लांब वळणात तो फसतो. घालवतो मी."

बाबांनी उत्तर दिलं नाही. खिशातून ओळंबा काढला, वरच्या हूडच्या पाइपला बांधला. "परत घे गोल." घेतला. ओळंबा सरळ लटकेना. बाहेरच्या बाजूला तिरका राहिला, डबीच्या आकड्याइतकाच.

"आता सांग, दोघंही खोटं बोलतायत?"

मी म्हटलं, जमीन सपाट आहे, म्हणजे खोटंच.

"जमिनीबद्दल खोटं. पण जीप पडायची ठरली तर ती जमिनीचा कोन बघून पडेल की ही ओढ बघून?"

मी गाडी थांबवली. इंजिनिअरिंगला हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. ताशी १५ आणि ८ मीटर म्हणजे बाहेरची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या २२ टक्के, आणि ती ओढ व वजन मिळून जो तिरका बाण बनतो त्याचा कोन साडेबारा अंश. स्प्रिंगवर बॉडी झुकते ती वेगळी. जीपच्या दृष्टीने 'खाली' म्हणजे तोच बाण. तो टायरच्या बाहेर पडला की ती उलटणार, मग मैदान तव्यासारखं असो नाहीतर नसो. मी ज्याला बग म्हणून खोडायला निघालो होतो तीच कामाची माहिती होती. जमिनीचा कल वेगळा, जीपला जाणवणारी ओढ वेगळी, आणि दोन्ही आकडे दाखवायला हवेत.

तिथून तिरकीपर्यंत आम्ही फार बोललो नाही.

तिरकीवर दरी डावीकडे. दरी म्हणजे कडा नाही, खाली भाताची खाचरं आहेत, कापणी होऊन मोकळी झालेली. लो फर्स्टमध्ये घातली आणि शिरलो. १२. १५. १७. मी जमिनीकडे कमी आणि डबीकडे जास्त बघत होतो. पावसाळ्यात वरून धोंडे आले होते. उजवं पुढचं चाक एका धोंड्यावर चढलं, त्याच वेळी डावं चाकोरीत उतरलं आणि डबी किंचाळली. २६.

मी ब्रेक दाबला. माझे हात आपोआप स्टिअरिंग उजवीकडे वळवायला लागले. डोंगराकडे, दरीपासून लांब. कुणीही हेच करेल.

"उजवीकडे नाही." बाबांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "खाली वळव. डावीकडे. ब्रेक हळू सोड, इंजिनवर जाऊ दे."

"खाली दरी आहे, बाबा!"

"खाचर आहे. नाक खाली कर. उजवीकडे वळवलंस तर ओढ कुठे लागेल? आत्ता मैदानावर काय बघितलंस?"

उजवीकडे वळलो तर ओढ डावीकडे, म्हणजे दरीकडेच. डावीकडे वळलो तर ओढ डोंगराकडे. शिवाय नाक खाली आलं की जीप रुंदीवर नाही, लांबीवर उभी राहते, आणि लांबी रुंदीपेक्षा कितीतरी जास्त. हे सगळं मला नंतर, संध्याकाळी, नीट जुळवता आलं. त्या क्षणी मी फक्त त्यांचं ऐकलं. आकडा २६ वरून १८, ११, ४ असा उतरत गेला. जीप बांधावरून धप्पकन खाचरात उतरली आणि सपाट उभी राहिली. बझर गप्प झाला. माझे पाय थरथरत होते.

बाबा उतरले, मागे जाऊन धोंडा बघून आले. "उतरून चालत बघायला हवं होतं आधी," म्हणाले. "माझीही चूक. मी पण तुझ्या डबीकडेच बघत बसलो."

मी विचारलं, "चक्कर?"

"नाही रे. आठवणच नाही आली." मग थोडं थांबून, "तसं मी कानाने कधी चालवतच नव्हतो. जीप बुडाने चालवायची असते."

शेतावर पोचलो, चूल पेटवून चहा टाकला. मी दगडावर बसलो होतो आणि बाबा जीपमध्ये बसून डबीचं बटण दाबून बघत होते. एकदा दाबलं की आडवा कल, दुसऱ्यांदा पुढे-मागे, तिसऱ्यांदा...

"हे मॅक्स २६.४ काय आहे?"

हीच ती गोष्ट. अर्डुइनोच्या चिपमध्ये एक केबीची अशी मेमरी असते की वीज गेली तरी त्यात लिहिलेलं राहतं. मी त्यात प्रत्येक फेरीचा सगळ्यात मोठा कोन साठवत होतो. म्हणजे बाबा एकटे जाऊन आले की नंतर मला बघता आलं असतं. आणि आकडा मोठा दिसला असता, तर आईसमोर टेबलावर ठेवून म्हणता आलं असतं की बाबा, आता बास.

हे मी त्यांना असंच्या असं सांगितलं. सांगताना लक्षात आलं की चार आठवडे मी त्यांच्यासाठी यंत्र बनवतोय असं सगळ्यांना सांगत होतो, स्वतःलाही. खरं तर मला त्यांना नाही म्हणायचं होतं. तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते काम एका बझरवर ढकललं होतं.

बाबांनी चहा संपेपर्यंत काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "धरणाच्या भिंतीतही आम्ही मीटर बसवायचो. पाझर किती, दाब किती. पण रीडिंग घ्यायला माणूस जायचा, आणि तो भिंतीवरून चालत जायचा. का, तर चालताना त्याला मीटरने न सांगितलेलं दिसतं." कप विसळून ठेवला. "तुला भीती वाटते तर मला सांग. डबीला कशाला सांगतोस?"

मी म्हटलं, "भीती वाटते."

"मलाही वाटते," बाबा म्हणाले. "म्हणून तर चार महिने आलो नाही."

परतताना किल्ली त्यांनी मागितली. तिरकीच्या तोंडाशी गाडी थांबवली, आम्ही दोघं उतरून पूर्ण पट्टा चालत गेलो. तीन धोंडे ढकलून बाजूला केले, चाकोरीत दगड भरले. बाबा दोनदा थांबले, एकदा डोळे मिटून उभे राहिले. मी विचारलं नाही. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि परत चालायला लागले. मग जीप नेली. मी ह्या वेळी डबीकडे नाही, त्यांच्याकडे बघत होतो. सबंध पट्ट्यात आकडा १९ च्या वर गेला नाही, हे मात्र बझर गप्प राहिला म्हणून नाही, बाबांनीच सांगितलं म्हणून मला माहीत. पलीकडे गेल्यावर त्यांनी आईला फोन लावला. "तिरकी ओलांडली. हो, मीच चालवतोय."

त्या रात्री डायनिंग टेबल रिकामं करायच्या आधी मी कोडमध्ये तीन बदल केले. मॅक्स साठवणारा भाग काढून टाकला. दोन आकडे दाखवायला लागलो, एक जमिनीचा कल आणि एक ओढ. जमिनीच्या कलासाठी फिल्टरमधला जायरोचा वाटा ९९.८ टक्के केला, म्हणजे तो पाचेक सेकंद वळणाच्या ओढीला बधत नाही. ओढीचा आकडा थेट अ‍ॅक्सेलरोमीटरचा, नुसता गाळून. आणि डिस्प्लेची चमक अर्ध्यावर आणली, कारण तो नजर ओढून घेतो.

बझर २५ वरच ठेवलाय. बाबा म्हणतात २२ कर, पावसाळ्यात माती सुटते.

ओळंबा हूडच्या पाइपला तसाच लटकतोय. आईला वाटतं ती लिंबू-मिरची आहे. आम्ही दोघांनी अजून खुलासा केलेला नाही.